आजार तुमचा, रिपोर्ट कुणाचा?



एरवी या ब्लॉगवर मी बीपी, शुगर, थायरॉइड, डेंग्यू यांच्याबद्दल लिहितो. आज एका कायद्याबद्दल लिहिणार आहे आणि जरा चिडूनच लिहिणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना 'डेटा प्रोटेक्शन' हा शब्द ऐकला की हा बँकवाल्यांचा, कॉम्प्युटरवाल्यांचा विषय वाटतो. मलाही वाटायचा. एका पेशंटमुळे माझं मत बदललं.

साधारण पंचविशीतली मुलगी. तपशील इतके बदलले आहेत की ओळखीच्या कुणालाही ती सापडणार नाही, तरीही तिला विचारूनच लिहितो आहे. चौदाव्या वर्षापासून तिला फिट्स येत होत्या. गोळ्या चालू केल्यावर त्या थांबल्या आणि पुढची चार वर्षं एकही आली नाही. यात काही चमत्कार नाही. गोळ्या नियमित घेतल्या तर दहातल्या सात जणांच्या फिट्स पूर्ण काबूत राहू शकतात. पदवी झाली, नोकरी लागली, लग्न ठरलं. लग्न ठरल्यावर ती स्वतःहून माझ्याकडे आली. कुठेतरी वाचलं होतं तिने की व्हॅल्प्रोएट नावाची तिची गोळी गरोदरपणात बाळाला धोक्याची असते. अगदी बरोबर वाचलं होतं. इतकी शहाणी पेशंट महिन्यात एखादीच भेटते! मी तिला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी बदलण्याआधी त्यांनी ईईजी आणि काही रक्ततपासण्या सांगितल्या, त्या तिने एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये केल्या.

त्या सेंटरमधला एक मुलगा नवऱ्यामुलाच्या आत्याच्या गावचा निघाला. त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडलेल्या रिपोर्टचा मोबाइलने फोटो काढला आणि 'सावध राहा' म्हणून पाठवून दिला. चार दिवसांत लग्न मोडलं.

तुमच्या मनात आलेला प्रश्न मला कळतो, कारण मी ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली त्या सगळ्यांनी तोच विचारला. "पण डॉक्टर, मुलाकडच्यांना सांगायला नको होतं का?" तिने सांगितलं होतं. ज्याच्याशी लग्न करायचं त्या मुलाला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, आणि तो तयार होता. मोठ्यांना कसं आणि कधी सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवलं होतं. तो फोटो त्याच्या आधी पोचला. आपल्या कायद्यातही एके काळी वारंवार फिट येणाऱ्या व्यक्तीच्या लग्नाला आडकाठी होती, पण 1999 साली हिंदू विवाह कायद्यातून 'एपिलेप्सी' हा शब्द काढून टाकला गेला. संसदेला जे समजलं ते आत्याबाईंपर्यंत पोचायला अजून वेळ लागेल असं दिसतं.

यापुढचा भाग डॉक्टर म्हणून मला जास्त लागला. मुलीने गोळ्याच बंद केल्या. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ओळखीचा, त्याची बायको आईच्या भिशीत. दुसऱ्या गावाहून गोळ्या आणायच्या तर घरात कुणी सोबत यायला तयार नाही. माझ्याकडे यायचं तर वेटिंगमध्ये बसलेले लोक बघणार. दोन महिन्यांनी स्कूटरवर असताना तिला फिट आली, मनगट मोडलं आणि त्याच रात्री एकामागून एक फिट्स येत राहिल्या. दोन दिवस आयसीयूत होती. अचानक गोळ्या बंद केल्या की असं होतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

मी त्या सेंटरच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "डॉक्टर, पोरगं नवीन आहे, चांगल्या भावनेनं केलं. समज देतो त्याला." तिच्या वडिलांनी आयसीयूच्या बाहेर मला विचारलं, "डॉक्टरसाहेब, यावर काही कायदा नाही का?" मी म्हणालो, आहे, नवीन आलाय. आणि मग माझी मलाच लाज वाटली, कारण त्या कायद्याचं नाव सोडलं तर मला काहीही माहीत नव्हतं. त्या आठवड्यात रात्री बसून मी तो वाचून काढला.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023. एकूण 44 कलमं. याची मुळं 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालात आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कातच तो आहे. त्यानंतर न्या. श्रीकृष्ण समितीने 2018 मध्ये अहवाल आणि मसुदा दिला, 2019 मध्ये विधेयक आलं, 2022 मध्ये ते मागे घेतलं गेलं आणि ऑगस्ट 2023 मध्ये नवं विधेयक संसदेने मंजूर केलं. नियम यायला आणखी दोन वर्षं लागली. ते नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यातही तुमच्या-माझ्या कामाच्या बहुतेक तरतुदींना आणखी अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे 2027 चा मे महिना. न्यायालयाने हक्क सांगितल्यापासून तो हातात पडेपर्यंत जवळजवळ दहा वर्षं! टीबीचा पेशंट गोळ्यांसाठी इतका थांबला तर काय होईल ते सांगायला नको.

कायद्यातलं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. ज्याची माहिती आहे त्या व्यक्तीला कायदा 'डेटा प्रिन्सिपल' म्हणतो, आणि ज्याच्याकडे ती जमा होते त्या दवाखान्याला, लॅबला, अॅपला 'डेटा फिड्युशिअरी'. फिड्युशिअरी म्हणजे विश्वस्त. हा शब्द मला फार आवडला. देवस्थानचा विश्वस्त देवाच्या दागिन्यांचा मालक नसतो, तसा तुमच्या केसपेपरचा मी मालक नाही. संमती घ्यायची तर ती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कारणासाठी आणि समजून दिलेली हवी. कारण सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीत किंवा कोकणीतही मागता येते. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. कायद्यातच एक उदाहरण आहे. एक बाई टेलिमेडिसिनचं अॅप घेते, अॅप तिच्या फोनमधली नंबरांची यादीही मागतं आणि ती दोन्हीला 'हो' म्हणते. कायदा म्हणतो, डॉक्टरी सल्ल्यासाठी फोनबुक लागत नाही, म्हणून तिची संमती फक्त सल्ल्यापुरती धरायची. (जाता जाता, या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात व्यक्तीसाठी 'ती' हे सर्वनाम वापरलं आहे. वाचताना मला सतत ती मुलगी आठवत होती.)

आता चिडायचं कारण.

2011 पासून आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे नियम आहेत. त्यात शारीरिक आणि मानसिक आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल यांना 'संवेदनशील माहिती' असा वेगळा दर्जा होता. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यातही होता, 2019 च्या विधेयकातही होता. 2023 च्या कायद्यात तो दर्जाच नाही. तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट आणि साडीच्या दुकानात बिलासाठी दिलेला मोबाइल नंबर हे दोन्ही कायद्याच्या लेखी सारखेच, फक्त 'वैयक्तिक डेटा'. का? कायदा साधा-सुटसुटीत ठेवायचा होता, असं समर्थन ऐकायला मिळतं. सुटसुटीतपणाच हवा असेल तर मी उद्यापासून सर्दी आणि हार्ट अटॅक एकाच रांगेत तपासतो. चालेल?

आजाराची माहिती वेगळी का, हे डॉक्टरला विचारा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, क्रेडिट कार्ड ब्लॉक करून नवं मागवता येतं. निदान बदलता येत नाही. एकदा गावाला कळलं की 'त्या मुलीला फिट येतात', की ते गावाच्या डोक्यातून परत काढून घेता येत नाही. आणि ही माहिती एकट्याची नसते. माझ्या पेशंटच्या धाकट्या बहिणीला आजवर एकदाही फिट आलेली नाही, तरी तिच्या स्थळांवर आता त्या फोटोची सावली आहे.

दुसरी गोष्ट भरपाईची. जुन्या कायद्यात कलम 43-अ होतं. संवेदनशील माहिती सांभाळण्यात निष्काळजीपणा झाला आणि तुमचं नुकसान झालं, तर तुम्ही भरपाई मागू शकत होता. किती जणांनी मागितली हा प्रश्न वेगळा, पण दार होतं. नव्या कायद्याने ते कलम वगळायचं ठरवलं आहे आणि त्याच्या जागी तुम्हाला भरपाई देणारं काही ठेवलेलं नाही. दंड मात्र मोठे आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर 250 कोटी रुपयांपर्यंत. आकडा वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल, पण दंडाचा प्रत्येक रुपया भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जाणार. मोडलेलं मनगट तिचं, आयसीयूचं बिल तिच्या वडिलांनी पीएफमधून काढून भरलेलं, मोडलेलं लग्न तिचं. आणि दंडाचा पैसा दिल्लीला!

हा कायदा पूर्णपणे लागू झाल्यावर असा प्रकार घडला तर एखाद्या मुलीने नेमकं काय करायचं? आधी त्या सेंटरकडेच तक्रार करायची. तिथे दाद लागली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जायचं. या मंडळाचे सदस्य केंद्र सरकार नेमणार. त्यावर अपील दूरसंचार लवादाकडे. टेलिफोन कंपन्यांचे तंटे जिथे चालतात, तिथे ईईजीच्या रिपोर्टचं अपील. आणि वर एक तंबी, तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तक्रार करणाऱ्यालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड. कोट्यवधींच्या रुग्णालयापुढे उभं राहून तक्रार करायला आधीच धीर लागतो. त्यात आपली तक्रार कुणी 'क्षुल्लक' ठरवेल का, ही धाकधूक. आपल्याकडे सासरच्या, शेजारच्या, नोकरीच्या भीतीने बायका निम्म्या तक्रारी गिळतात. आता कायद्यानेच त्यात एक भीती घातली.

तिसरी गोष्ट, हा कायदा फक्त डिजिटल माहितीचा आहे, किंवा कागदावरून नंतर डिजिटल केलेल्या माहितीचा. त्या मुलाने फोटो न काढता छापील रिपोर्ट वाचला असता आणि संध्याकाळी पारावर बसून तोंडी सांगितलं असतं, तर या कायद्याचा काही उपयोग नव्हता. आणि आपल्याकडचे निम्मे दवाखाने अजून वहीवर चालतात.

सरकारी दवाखान्यांचं काय? कलम 17 खाली केंद्र सरकार कुठल्याही सरकारी यंत्रणेला देशाची सुरक्षा, सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी अधिसूचना काढून कायद्यातून वगळू शकतं. उद्या कुणाला वगळतील ते उद्या कळेल. पण आजवरचं चित्र आपल्यासमोर आहे. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि तिथे बरेच दिवस हाताने कागदपत्रं लिहून काम चाललं. जून 2023 मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटला मोबाइल नंबर दिला की लस घेतलेल्यांची माहिती मिळते, अशा बातम्या आल्या. सरकारने पोर्टल सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि पुढे अटकही झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतलं सीसीटीव्ही चित्रण इंटरनेटवर पोचल्याचं उघडकीला आलं. तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावायची बुद्धी कुणाला आणि का झाली असेल, हे मला अजून समजलेलं नाही.

इथे माझे डॉक्टर मित्र खूश झाले असतील की हा कायद्यावर आणि सरकारवर घसरला. थांबा. आता आपली पाळी.

डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले काही महिने एकच रड चालू आहे, "पेशंट बघायचे की फॉर्म भरायचे?" मला या रडीची चीड येते. गुप्तता काय 2023 साली आली? चरकसंहितेत शिष्याला दिलेल्या उपदेशात स्पष्ट आहे की रुग्णाच्या घरात शिरल्यावर तिथे जे पाहिलं ते बाहेर बोलायचं नाही. हिपोक्रॅटिसच्या शपथेत तेच. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत तेच. न्यायालयाचा आदेश, कुणा विशिष्ट व्यक्तीला असलेला गंभीर धोका किंवा कळवणं बंधनकारक असलेला आजार, एवढे अपवाद सोडले तर पेशंटचं गुपित फोडणं हे गैरवर्तन आहे. एचआयव्ही कायदा 2017, मानसिक आरोग्य कायदा 2017, गर्भपाताच्या कायद्यातली 2021 ची दुरुस्ती, सगळीकडे गुप्ततेची वेगळी कलमं आहेत. आपण ती पाळली असती तर नव्या कायद्याचं ओझं वाटलं नसतं.

मी स्वतः पाळली का? तीन वर्षांपूर्वी एका पेशंटचा ईसीजी मी हृदयरोगतज्ज्ञ मित्राचं मत घ्यायला ग्रुपवर टाकला. वर नाव, वय छापलेलं. मत दोन मिनिटांत आलं, पेशंट वाचला, मी खूश. दुसऱ्या दिवशी त्या ग्रुपमधल्या एकाने पेशंटच्या भावाला बाजारात गाठून चौकशी केली, "दादा कसे आहेत आता?" भावाला काही माहीतच नव्हतं. पेशंटने घरी सांगितलं नव्हतं, कारण वाटण्यांचा वाद चालू होता. तो मला म्हणाला, "डॉक्टर, जीव वाचवलात, पण माझी गोष्ट तुम्ही मला सांगू दिली नाहीत." यावर मला काही उत्तर नव्हतं. फोटो पाठवायच्या आधी नावावर अंगठा ठेवायला किती वेळ लागतो? एक सेकंद.

आणि शपथ फक्त डॉक्टरने घेतलेली असते. रिसेप्शनिस्ट, कंपाउंडर, लॅबमधला मुलगा, विम्याचे कागद भरणारा, यांच्यापैकी कुणालाही कुणी शपथ दिलेली नसते. माझ्या छत्तीस वर्षांच्या अनुभवात गुपितं डॉक्टरच्या तोंडून कमी फुटली आणि काउंटरवरून जास्त. माझ्याच दवाखान्यात आमच्या मावशी भरल्या वेटिंगमध्ये हाक मारायच्या, "ते मूळव्याधवाले कोण? या आत!" वीस वर्षं मी ते ऐकत होतो आणि मला त्यात काही चूक दिसत नव्हती.

आता तुमच्याकडे वळतो. "डॉक्टर, आपल्याला काय लपवायचंय?" हे वाक्य मी सर्वात जास्त ऐकतो ते ठणठणीत तब्येतीच्या पुरुषांकडून. लपवायचं काही नसणं ही तुमची कमाई नाही, तुमचं नशीब आहे. ज्या दिवशी तुमच्या मुलाला डिप्रेशनच्या गोळ्या लागतील, सुनेला तिसऱ्यांदा गर्भपात होईल, तुम्हाला स्वतःला त्या गोळीची चिठ्ठी हवी असेल जी मागताना पुरुष दार लावून घेतात, त्या दिवशी हे वाक्य म्हणून दाखवा. दार लावता हेच उत्तर आहे.

दार लागलं नाही तर काय होतं ते मी रोज बघतो. खोकला तीन महिन्यांचा असतो आणि पेशंट सांगतो आठ दिवसांचा, कारण बाहेर शेजारी बसलेला असतो. दारू विचारली की 'नाही', आणि लिव्हरचा रिपोर्ट वेगळंच बोलतो. पेशंटने खोटं सांगितलं की माझं औषध चुकतं, आणि चुकलेल्या औषधाने माणूस मरू शकतो. गुप्तता हा शिष्टाचार नाही, उपचाराचा भाग आहे.

यात घरचे लोकही येतात, आणि इथे आपला समाज फार गुंतागुंतीचा आहे. "डॉक्टर, बाबांना कॅन्सर सांगू नका हं, खचतील." हे मुलगा बाहेर येऊन सांगतो, बाबा आत असतात. मग बाबा मला एकटं गाठून विचारतात, "डॉक्टर, काय ते खरं सांगा, पण पोरांना कळू देऊ नका." दोघांचंही प्रेम खरं आहे. पण रिपोर्ट बाबांचा आहे. मी आता आधी बाबांनाच विचारतो, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय आणि कुणाला सांगायचंय? बरेच जण म्हणतात, "पोरालाच सांगा, तो बघेल." झाली संमती! त्यासाठी फॉर्म लागला नाही, फक्त विचारावं लागलं. सुनेचा रिपोर्ट सासूबाई मागायला येतात तेव्हा मात्र मी ठाम नाही म्हणतो. वंध्यत्वाच्या तपासण्यांत दोष मुलाचा निघाला की तोच रिपोर्ट घरात कुणाला नको असतो, हा अनुभव कुठल्याही डॉक्टरला विचारा.

दोन गैरसमज इथेच काढून टाकतो. टीबीचं निदान झालं की डॉक्टरने ते सरकारला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे. यात तुमची गुप्तता मोडत नाही, ती माहिती आरोग्ययंत्रणेपुरती असते आणि त्यामुळे तुमच्या औषधांची आणि घरच्यांच्या तपासणीची सोय होते. तसंच माणूस बेशुद्ध पडून आला, जिवाला धोका आहे, तर संमतीच्या कागदासाठी कुणी थांबत नाही. नव्या कायद्यानेही आणीबाणीचे उपचार आणि साथीचे रोग यांना वेगळी मोकळीक ठेवली आहे.

दुसरा गैरसमज रुग्णालयांचा, आणि तो मला सोयीस्कर वाटतो. पेशंटने स्वतःची फाइल मागितली की "प्रायव्हसीमुळे देता येत नाही" असं उत्तर आता ऐकू येऊ लागलं आहे. हे साफ चूक आहे. तुमची माहिती तुमच्यापासून लपवायला कुठलाही कायदा सांगत नाही. आचारसंहितेनुसार तुम्ही मागितल्यापासून 72 तासांत नोंदी मिळायला हव्यात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

रोजच्या व्यवहारात तुम्ही काय कराल? लॅबमध्ये नंबर देताना तुमचाच द्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने 'एकदम बुकिंग' केलेल्या शिबिरात सगळ्यांचे रिपोर्ट त्याच्या फोनवर जातात, हे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही खटकायला हवं. ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट एचआरकडे पूर्ण जाणार की फक्त 'कामास योग्य' एवढंच, हे सुई टोचण्याआधी विचारा. आभा कार्डाचा 14 अंकी नंबर काढणं ऐच्छिक आहे. नोंदी एका जागी राहतात हा त्याचा खरा फायदा, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना. मीही सुचवतो. पण 'काढलाच पाहिजे, नाहीतर केसपेपर नाही' असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. ओटीपी सांगण्याआधी तो कशासाठी आहे ते वाचा. आणि कृपा करून आईचा सीटी स्कॅन 'प्रार्थना करा' म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकू नका. प्रार्थनेला स्कॅन लागत नाही.

तुमची माहिती फुटलीच, तर नवा कायदा पूर्ण लागू होईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. कलम 43-अ अजून जिवंत आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. डॉक्टरने गुपित फोडलं असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, तिथे वकीलही लागत नाही. आणि आमदार-खासदार मतं मागायला आले की रस्ता-गटाराबरोबर हेही विचारा की आजाराच्या माहितीचा वेगळा दर्जा का काढला आणि माझी भरपाई कुठे गेली? कायदे बदलता येतात. 1999 मध्ये एक शब्द काढलाच होता की.

मुलीच्या वडिलांनी अजून तक्रार केलेली नाही. त्यांचा हिशोब साधा आहे. तक्रार केली तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल. मी आग्रह धरलेला नाही, कारण तो निर्णयही तिचाच आहे. नवी गोळी तिला चांगली लागू पडली आहे, सात महिन्यांत फिट नाही. औषधं माझ्या दवाखान्यातूनच बंद पाकिटात जातात.

आमच्या मावशींना मी शेजारी बसवून हे सगळं समजावलं. आता त्या आजाराचं नाव घेऊन हाक मारत नाहीत, टोकन नंबर पुकारतात. केसपेपरचा गठ्ठा काउंटरवरून उचलून कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं, दवाखान्यातल्या चारही जणांनी गुप्ततेच्या कागदावर सही केली. एकूण खर्च कुलपाचे 140 रुपये. गेल्या सोमवारी एक आजोबा कुरकुरले, "डॉक्टर, तुमच्याकडे आता बँकेसारखं नंबर लावून बसावं लागतं." मी म्हटलं, हो आजोबा, बसा. तुमचा सतरा नंबर.